‘भाईर’ म्हणणारी आज्जी चुकत नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी दुसरीला आहे, कन्नड शाळेत जाते, घरात मराठीच. पण ती भाकरीला बाकरी म्हणते, घराला गर, धुण्याला दुणं. आणि सासूबाई ‘भाईर जा’, ‘न्हाई’, ‘धा रुपये’, ‘म्हैना झाला’ असं बोलतात. घरी कुणी आलं की बोलतात, नातीला ह येत नाही आणि आज्जी नको तिथं ह लावते. मला एवढंच सांगा की हा ह घशात नेमका कुठं आणि कसा तयार होतो, आणि लेकीला तो कसा शिकवू? रागावून बघितलं, तर रडते.
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी ते रागावणं थांबवा. रडवेला झालेला गळा आवळला जातो, आणि आवळलेल्या गळ्यातून ह येतच नाही, का येत नाही ते पुढं कळेलच.

बाकीची व्यंजनं म्हणताना तोंडात कुठंतरी काहीतरी अडतं. प ला ओठ मिटतात, त ला जीभ दातांना लागते, क ला जिभेची मागची बाजू वर टेकते. ह ला असं काहीच होत नाही. आरशासमोर उभं राहून हा, ही, हू म्हणून बघा, ओठ आणि जीभ पुढच्या स्वराची तयारी करून आधीच बसलेले दिसतील, ही म्हणताना ओठ फाकलेले, हू म्हणताना गोल. म्हणजे ह चं काम तिथं चाललेलंच नाहीये. ते खाली चालतं, गळ्यात पुढं हाताला लागतो त्या कंठमण्याच्या मागं, स्वरयंत्रात.

तिथं दोन स्वरतंतू असतात. नावात तंतू असलं तरी ते दोऱ्यासारखे नाहीत बरं का, ओलसर मांसल पट्ट्या आहेत त्या, पुरुषांत साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब, बायकांत १२ ते १७. पुढच्या बाजूला दोन्ही एका ठिकाणी जोडलेल्या आणि मागच्या बाजूला प्रत्येकीला एक छोटी हलती कुर्चा. या दोन कुर्च्या फिरल्या की पट्ट्या एकमेकींपासून दूर होतात नाहीतर जवळ येतात. दूर असल्या की नुसता श्वास जातो. जवळ येऊन टेकल्या आणि खालून फुप्फुसातली हवा आली की त्या थरथरायला लागतात, पुरुष बोलत असेल तर सेकंदाला १०० ते १२५ वेळा, बाई असेल तर २०० च्या आसपास, आणि तुमच्या लेकीच्या वयाला त्याहून जास्त. आपला आवाज म्हणजे ही थरथर.

आता आपला मराठी ह. त्यात दार उघडंही नसतं आणि बंदही नसतं, किलकिलं असतं. पट्ट्यांचा पुढचा भाग जवळ येऊन थरथरत असतो, मागं मात्र फट राहते आणि तिच्यातून हवा निघत राहते. आवाज आणि श्वास दोन्ही एकाच वेळी. म्हणून ह ला हवा फार लागते, एका दमात आऽऽ लांबवा आणि मग तेवढ्याच दमात ह्हऽऽ लांबवा, दुसऱ्या वेळी दम लवकर संपेल. आणि म्हणूनच आवळलेल्या गळ्यातून ह येत नाही, मागची फटच मिटलेली असते.

मला या सगळ्यात सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. स्वतःचे स्वरतंतू हलताना नीट बघणारा पहिला माणूस म्हणून मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाचं नाव घेतात, त्यानं १८५४ मध्ये घशात छोटा आरसा धरून उन्हाच्या उजेडात ते बघितले. पण त्याच्या कितीतरी शतकं आधी, आरसा नाही की काही नाही, तैत्तिरीय शाखेचे वेद म्हणणाऱ्या लोकांनी प्रातिशाख्यात, म्हणजे वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात, लिहून ठेवलंय : संवृते कण्ठे नादः क्रियते, विवृते श्वासः, मध्ये हकारः. कंठ मिटलेला असला की नाद, उघडा असला की श्वास, आणि मधे असला की ह. हे त्यांनी नुसतं आपल्या गळ्यावर ध्यान ठेवून, पाठ म्हणत म्हणत ओळखलं. एकोणिसाव्या शतकात विल्यम व्हिटनी नावाच्या मोठ्या अमेरिकन पंडितानं या ग्रंथाची आवृत्ती काढली, तेव्हा त्याला हे मधलं प्रकरण काही समजेना, श्वास आणि नाद यांच्यामधे आणखी काही असू शकतं हेच त्याला पटेना. कारण सरळ आहे, इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ह बहुतेक नुसता श्वासाचा असतो, पट्ट्या थरथरतच नाहीत. जे व्हिटनीला समजलं नाही ते तुमच्या सासूबाईंच्या गळ्यात दिवसभर चालू असतं.

खात्री करायची असेल तर कंठमण्यावर दोन बोटं हलकेच ठेवा. आधी ‘आसा’ म्हणा, स आला की थरथर थांबेल आणि मग परत सुरू होईल. मग ‘आहा’ म्हणा. थरथर थांबत नाही, फक्त ह पाशी जरा सैल पडते. मग कुजबुजत ‘हः’ म्हणा, बोटांना काहीच लागणार नाही, विसर्गाच्या शेवटी असतो तो हा श्वासाचा ह.

आता सासूबाईंकडं येऊ, कारण त्यांच्यावर अन्याय होतोय असं मला मनापासून वाटतं. ह ला तोंडात जागा नाही, ती गळ्याची एक अवस्था आहे, त्यामुळं ती शब्दात पुढंमागं सरकू शकते. ‘बाहेर’ म्हणताना ह येतो मधे, पण गळा ती फट जरा आधीच उघडतो, ब सुटतानाच, आणि ब अधिक ती फट म्हणजेच भ. झालं ‘भाईर’. दहा चं धा तसंच, बहीण ची भैन, जहाज चं झाज. नाही चं न्हाई, महिना चा म्हैना, लहान चं ल्हान, राहिलं चं ऱ्हायलं. ह नको तिथं लागलेला नाही, तोच ह आहे, एक पाऊल आधी आलाय. आणि यात शिस्त आहे बघा, हे बहुतेक अशाच अक्षरांशी होतं ज्यात स्वरतंतू आधीच थरथरत असतात, ब द ज न म ल र. प आणि त पाशी थरथर नसते, तिथं ह बहुतेक गळूनच जातो, पाहिजे चं पायजे, पहिला चा पयला, तहान ची तान. पहाटे ला फाटे म्हणणारे आहेत तो अपवाद, पण ढोबळ चाल हीच. आज्जीला हा नियम कुणी शिकवलेला नाही तरी ती एकदाही चुकत नाही.

आणि ज्यांना हे अशुद्ध वाटतं त्यांना विचारा की म्हैस कुठून आली. संस्कृत महिषी, मधला ह सरकून म वर बसला आणि झाली म्हैस, शाळेच्या पुस्तकात तीच छापतात आणि तिला कुणी अशुद्ध म्हणत नाही. म्हैस चालते तर म्हैना बोलणाऱ्या बाईला हसायचं कारण काय? लिहिताना मुलीनं महिना लिहावा, परीक्षेत तेच लागतं, पण आज्जीचं बोलणं तिच्यासमोर चूक म्हणून दाखवू नका, ही माझी हात जोडून विनंती.

लेकीचं आता. तिच्यात काही कमी नाही. अस्सल कन्नड शब्दांत महाप्राण, म्हणजे ह मिसळलेली व्यंजनं, नसतात, लिपीत ख घ ध भ सगळी अक्षरं आहेत पण ती मुख्यतः संस्कृतातून आणि बाहेरून आलेल्या शब्दांसाठी, आणि रोजच्या बोलण्यात ती बऱ्याचदा ग द ब अशीच येतात. ती दिवसभर वर्गात मैत्रिणींचं तेच ऐकते आणि तसंच बोलते, म्हणजे कान एकदम चांगला आहे पोरीचा. आणि तिला ह येत नाही हे तर खरंच नाही. शाळेत ती दुधाला हालु म्हणत असेल, दहाला हत्तु म्हणत असेल, तो ह कुठून येतो? तिथूनच सुरुवात करा.

दोन बोटं तिच्या तिच्या गळ्यावर ठेवायला लावा, मुलांना ही थरथर फार आवडते. आधी हालु, हत्तु, मग आहा, ओहो. मग ‘बा’ म्हणायला लावा आणि लगेच ‘हा’, बा-हा, बा-हा, हळूहळू जवळ आणत न्या, ब चे ओठ सुटायच्या क्षणी ह आला की भा होतो. ग-हा चं घा, द-हा चं धा. तळहात तोंडासमोर धरला तर बाकरी म्हणताना हवा कमी लागते आणि भाकरी म्हणताना जास्त, ऊनऊन. ख, थ, फ यांचं तंत्र जरा वेगळं आहे, त्यात पट्ट्या सुरुवातीला पूर्ण उघड्या असतात आणि व्यंजन सुटल्यावर हवेचा झोत जाऊन मग थरथर सुरू होते, म्हणून ओठांसमोर कागदाचा कपटा धरला की ‘का’ ला तो जेमतेम हलतो आणि ‘खा’ ला चांगला उडतो. खानापूर म्हणायला लावा की, गावाचंच नाव आहे. मग धारवाड, मग धामणे, आणि हे जमलं की घटप्रभा. घटप्रभेत सुरुवातीलाही महाप्राण आणि शेवटीही, गटप्रबा म्हणणारी पोर घटप्रभा म्हणायला लागली की समजा झालं. रोज पाच मिनिटं पुरे, तीही खेळत. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे आज्जीजवळ बसवा, भाईर, धा, भैन हे तिच्या तोंडून जेवढं कानावर पडेल तेवढा भ आणि ध पक्का होईल.

मुलीला कन्नडमध्येही शब्द नीट ओळखू येत नसतील, किंवा आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहत असेल, तरच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नुसत्या बाकरीसाठी दवाखान्याची पायरी चढू नका.

प्रश्न : मित्रांबरोबर हलशीला जाऊन आलो. तिथं समजलं की जुन्या लेखांत या गावाचं नाव पलाशिका आहे. सुरुवातीच्या प चा एकदम ह कसा काय झाला? दोन्ही आवाज तर अगदी लांबचे वाटतात, एक ओठाचा आणि एक घशाचा.
– कॉलेजचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : चांगली गोष्ट नजरेत आली तुझ्या. पाचव्या-सहाव्या शतकातल्या कदंब राजांच्या ताम्रपटांत पलाशिका येते, मृगेशवर्म्यानं तिथं जिनालय बांधल्याचा उल्लेख आहे, आणि आज आपण हलशी म्हणतो, कन्नडमध्ये हलसि. मधे घडलं ते एका गावापुरतं नव्हतं, सगळ्या कन्नड भाषेत शब्दाच्या सुरुवातीचा प साधारण दहाव्या शतकापासून पुढं हळूहळू ह होत गेला. जुन्या कन्नडमध्ये दुधाला पाल्, आता हालु. पत्तु चं हत्तु, वाघाला पुलि होतं ते हुलि झालं. तमिळमध्ये हा बदल झाला नाही, तिथं आजही पाल्, पत्तु, पुलि आहे.

तुला ते दोन आवाज लांबचे वाटतात कारण तू फक्त ओठ बघतोयस. प म्हणताना एकाच वेळी दोन गोष्टी होतात, वर ओठ मिटतात आणि खाली स्वरतंतू उघडे राहतात, थरथरत नाहीत. आता पिढ्यानुपिढ्या बोलता बोलता ओठ पूर्ण मिटायचे राहिले समज. दोन ओठांमधून नुसती फुंकर जायला लागेल. आणखी पुढं ओठांनी ते कामही सोडलं की मागं उरतं काय, गळ्यातून येणारी हवा. तोच ह. म्हणजे ह नवीन कुठून आला नाही, तो प च्या खाली पहिल्यापासून होताच, वरचं झाकण तेवढं गेलं. करून बघ, ‘पा’ म्हणताना ओठ प्रत्येक वेळी जरा जरा सैल सोडत जा, मिनिटभरात तू स्वतः ‘हा’ वर येशील.

या भागात गावाच्या नावावरून कोण आधीचं आणि कोण नंतरचं असे वाद लगेच सुरू होतात, मला त्यात पडायचं नाही. हलशीच्या ह मधून एवढं मात्र नक्की दिसतं की हे नाव या मातीत शेकडो वर्षं कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडातून गेलंय, आणि पुढं मराठी बोलणाऱ्यांनी तेच ह चं रूप आपलं म्हणून घेतलं.

प्रश्न : बाहेरगावचे पाव्हणे येळ्ळूर ला येलूर म्हणतात. ळ घशातून काढायचा असतो का? त्यांना कसा सांगू?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : नाही, घशाचा काही संबंध नाही. जिभेचं टोक मागं वळवून टाळूच्या वरच्या भागाला लावायचं आणि पुढं झटकत सोडायचं, हवा जिभेच्या कडांनी जाते. कन्नडमध्येही ळ आहे त्यामुळं आपल्याकडं दोन्ही भाषांची मुलं तो सहज म्हणतात. पाहुण्यांना आधी ‘ट’ म्हणायला लावा, जीभ जिथं टेकते तिथूनच ल म्हणायला सांगा.

प्रश्न : निवृत्तीनंतर गझल गायला शिकतोय. गुरुजी सांगतात क, ख, ग खाली नुक्ता (टिंब) असेल तर आवाज ‘घशातून’ काढा. मी जोर लावला की खोकला येतो. शिवाय उर्दूतलं ऐन हे अक्षर कसं म्हणायचं?
– एक ज्येष्ठ वाचक, टिळकवाडी

उत्तर : काका, जोर लावू नका, ‘घशातून’ या शब्दानं घोटाळा केलाय. हे तीनही आवाज स्वरयंत्रातले नाहीत, ते त्याच्या बरेच वर, पडजिभेच्या आसपास होतात.

क़ आधी घ्या. की, का, कू असं सावकाश म्हणा आणि जीभ कुठं टेकते तिकडं लक्ष द्या, की ला पुढं, कू ला मागं. त्याच वाटेनं आणखी मागं जा, जिभेचं मूळ पडजिभेला टेकेल तिथं सोडा. आवाज जरा जाड, खोल येतो, हवेचा झोत नको. ख़ मध्ये जीभ टेकवायचीच नाही, मागं बारीक जागा ठेवून तिच्यातून हवा घासत न्यायची, म्हणून ख़ लांबवता येतो आणि आपला ख लांबवता येत नाही. ग़ म्हणजे तेच, फक्त कंठमण्यावर बोट ठेवलं तर थरथर लागली पाहिजे. खोकला येतोय याचा अर्थ तुम्ही खालचे स्वरतंतू आवळताय, मान आणि खांदे सैल सोडा, कोमट पाणी प्या, आवाज लहान ठेवून सराव करा.

बेळगावच्या बाजारात दखनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलणाऱ्यांकडून तुम्ही क़लम ला ख़लम ऐकलं असेल, दखनीत क़ चा ख़ होतो, ती त्या बोलीची जुनी चाल आहे. गोड आहे, बोलताना अगदी चालेल, पण गझल म्हणताना क़ आणि ख़ वेगळे ठेवा, नाहीतर क़बर आणि ख़बर ऐकणाऱ्याला एकच वाटतील.

ऐन चं मात्र सोडून द्या. अरबीत तो खरोखर घशाचा आहे, जिभेचं मूळ मागं ओढून घशाच्या मागच्या भिंतीजवळ नेतात आणि वाट अरुंद करून आवाज काढतात, कुराणपठण शिकताना तो काळजीनं बसवून घेतात. उर्दूत तो लिहितात, पण बोलताना त्याचा नुसता स्वर होतो, इश्क़ मधला इ, उम्र मधला उ. अरबीतले दोन वेगळे ह सुद्धा उर्दूत एकच होतात, आपल्या ह सारखेच. उर्दू मातृभाषा असलेले लोकही ऐन तसा म्हणत नाहीत, तेव्हा तुम्ही इश्क़ चा इ साधा म्हणा आणि सगळी मेहनत शेवटच्या क़ वर घ्या.